मदत हवी आहे: जागा शिल्लक आहे, तरी मेल परत जातोय. इनोड, कॅच-ऑल, एमएक्स ही काय भानगड आहे?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळतो. ऑफिस म्हणजे गोदामाला लागून असलेली खोली, एक कम्प्युटर आणि लाइन असली तर नेट. आम्ही वायगाव हळद विकतो. वेबसाइट आणि कंपनीच्या नावाचे ईमेल पत्ते एका डेव्हलपरने करून दिले होते. त्याने आता हे काम सोडलंय, पण सीपॅनेलचा, म्हणजे वेबसाइटला जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या कंट्रोल पानाचा, पासवर्ड माझ्याकडे आहे.

हळदीचा लॅब रिपोर्ट मागणारा एका व्यापाऱ्याचा मेल परत गेला. त्यांनी बाउन्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यात ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ असं दिसतं. इकडे सीपॅनेलमध्ये डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नाही. त्याच्याच खाली ‘फाइल युसेज’ नावाची पट्टी आहे, ती मात्र पूर्ण लाल. होस्टिंगवाले म्हणतात, इनोड संपले, मोठा प्लॅन घ्या. भाचा म्हणतो, मामा, नेमसर्व्हर बदलून टाकू, दुसरीकडे स्वस्त मिळतं. नूतनीकरणाचं बिलही आलंय. त्यात डोमेन, होस्टिंग, एसएसएल असं वेगवेगळं लावलंय. संचालक मंडळाची मीटिंग जवळ आली आहे आणि तिथे पहिला प्रश्न येणार, ‘हे पैसे कशाचे?’ समजेल असं कोणी सांगेल का?

प्रतिसाद: हिंगणघाटकर

भाऊ, पैसे भरायची घाई नोका करू. तुमच्या गोदामात क्विंटलही मोजतात आणि पोतीही मोजतात ना, तसंच होस्टिंगवाला दोन हिशेब ठेवतो. जीबी म्हणजे वजन, इनोड म्हणजे नग. एक फाइल म्हणजे एक इनोड, मग ती दोन ओळींची असो की मोठा फोटो. सीपॅनेलमध्ये आलेला प्रत्येक मेल सहसा स्वतंत्र फाइल म्हणून ठेवला जातो. त्यामुळे बारीक बारीक मेलनी नग संपतात आणि वजन तसंच शिल्लक राहतं. गंमत म्हणजे दोन्हीपैकी काहीही संपलं तरी सर्व्हर तोच ‘डिस्क कोटा’वाला एरर देतो, म्हणून माणूस चक्रावतो.

आता एवढे मेल आले कुठून? ईमेल विभागात ‘डिफॉल्ट अ‍ॅड्रेस’ उघडा आणि तिथे काय लिहिलंय ते इथे टाका.

धागाकर्ता

तिथे सीपॅनेलचंच युजरनेम दिसतंय. त्या नावाचा इनबॉक्स आमच्यापैकी कोणीच कधी उघडत नाही.

प्रतिसाद: हिंगणघाटकर

मग चोर सापडला! यालाच कॅच-ऑल म्हणतात. तुम्ही पत्ते बनवले चार-दोन, पण तुमच्या डोमेनसमोर (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग) कोणीही वाटेल ते नाव जोडून मेल पाठवला तर तो या पेटीत पडतो. स्पॅमवाले सेल्स, अ‍ॅडमिन, अकाउंट्स अशी नावं अंदाजाने ठोकत राहतात. तिथे ‘एरर देऊन परत पाठवा’ हा पर्याय निवडा. नंतर ‘ईमेल डिस्क युसेज’ या साधनातून त्या पेटीतले मेल पुसा. तिथे एक वर्षापेक्षा जुने, सगळे असे पर्याय मिळतात. पुसण्याआधी वरवर नजर टाका, एखाद्या गिऱ्हाइकाने पत्ता चुकवून पाठवलेली ऑर्डर असायची.

आणि हो, बाकीच्या पेट्या मोबाइलमधून साफ करायच्या असतील तर मेल कोणत्या पद्धतीने येतो ते सेटिंगमध्ये बघा. आयमॅप असेल (पोर्ट ९९३) तर मोबाइलमधून पुसलेला मेल सर्व्हरवरूनही जातो. पॉप असेल (पोर्ट ९९५) तर मेल उतरवून घेतला जातो आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही ते वेगळं ठरवावं लागतं.

प्रतिसाद: संत्रानगरी

भाच्याला जरा थांबवा. नेमसर्व्हर बदलला की डोमेनची सगळी नोंदवही नव्या कंपनीकडे जाते. वेबसाइट कुठे आहे ते ए रेकॉर्ड सांगतं, मेल कुठे द्यायचा ते एमएक्स. नवीन नोंदवहीत एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आधी उतरवून घेतले नाहीत, तर मेल भलतीकडे जाईल. एसपीएफ आणि डीकेआयएम हे मेल खरोखर तुमचाच असल्याचे पुरावे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातला निदान एक मागतं. एसपीएफची नोंद मात्र एका डोमेनला एकच ठेवा, दोन झाल्या तर तपासणीच फसते.

नुसती वेबसाइट हलवायची तर नेमसर्व्हरला हात न लावता ए रेकॉर्ड बदलता येतं. पण त्यातही एक खोडा आहे. सीपॅनेलमध्ये एमएक्स बहुतेक वेळा खुद्द डोमेनकडेच बोट दाखवतं, म्हणजे ए बदललं की मेलही मागोमाग जातो. आधी मेलसाठी जुन्या सर्व्हरच्या आयपीचं (आकडी पत्त्याचं) वेगळं ए रेकॉर्ड करा, एमएक्स त्याच्याकडे वळवा आणि मगच वेबसाइट हलवा. टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ धरून ठेवली जाते तो आकडा, १४४०० दिसेल, ते सेकंद आहेत, म्हणजे चार तास. बदलाच्या आदल्या दिवशी ते ३०० करून ठेवा, म्हणजे बदल लवकर लागू होतो.

बिलाचं म्हणाल तर डोमेन हे नाव, त्याचं भाडं रजिस्ट्रारकडे. डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंद, निक्सी ही संस्था चालवते, रजिस्ट्रार हा मधला अधिकृत विक्रेता. होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची जागा. हे दोन्ही भरावेच लागतात. एसएसएलला, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राला, मात्र मी हटकलं असतं. साध्या माहितीच्या साइटला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं.

धागाकर्ता

कॅच-ऑल बंद केलं. त्या पेटीत नुसता लॉटरी आणि औषधांच्या जाहिरातींचा कचरा होता. पुसल्यावर लाल पट्टी हिरवी झाली आणि व्यापाऱ्याचा मेल सरळ आला. रिपोर्ट पाठवला. भाचा जरा हिरमुसलाय. आता एकच विचारतो, डोमेन डेव्हलपरच्या खात्यात आहे, ते कंपनीच्या नावावर कसं घ्यायचं?

प्रतिसाद: संत्रानगरी

डोमेनची मुदत संपायच्या आत करा. डेव्हलपरला रजिस्ट्रारच्या खात्यात ट्रान्सफर लॉक (डोमेन हलू न देणारं कुलूप) काढून ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) पाठवायला सांगा. तुम्ही कंपनीच्या नावाने रजिस्ट्रारकडे खातं उघडा आणि तिथे तो कोड टाका; पण खात्याला याच डोमेनचा ईमेल नको, साधं जीमेल द्या. डोमेन बंद पडलं तर त्याच्यावरचा ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे?