अमेरिकेतले तैवानी आणि चिनी: आर्थिक तुलना करायची तर कशी?

रेघोटी

अमेरिकेतल्या आशियाई लोकांच्या उत्पन्नाचे तक्ते पाहिले की तैवानी गट चिनी गटाच्या बराच वर दिसतो. भाषा जवळपास एक, सणवार एक, आडनावंही तीच. मग एवढा फरक कशामुळे? 'तैवानी जास्त शिकलेले आहेत' हे उत्तर सगळीकडे मिळतं. पण शिकलेलेच लोक तिथून का आले, हे त्यात कुठेच येत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हे आकडे स्वतः काढायचे तर कुठून आणि कसे काढावेत? दोन, न्यूयॉर्कच्या फूचौवाल्या (चीनच्या फूच्येन प्रांतातल्या फूचौकडून आलेल्या) हॉटेल-कामगारांना आणि कॅलिफोर्नियातल्या चिनी इंजिनियरांना एकाच 'चिनी' ओळीत बसवून केलेल्या तुलनेला काही अर्थ उरतो का?

दशांश

आधी व्याख्या ठरवा, नाहीतर पुढची सगळी आकडेमोड वाया जाईल. 'तैवानी' मोजायच्या दोन रीती आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत.

पहिली रीत जन्मस्थानाची. जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत (दर वर्षीची नमुना पाहणी) बी०५००६ हा तक्ता आहे. त्यात चीन, हाँगकाँग आणि तैवान अशा वेगळ्या ओळी मिळतात. तैवानात जन्मलेले साडेतीन लाखांच्या वर आहेत, तर चीनमध्ये जन्मलेले, हाँगकाँग धरून, चोवीस लाखांच्या आसपास. दुसरी रीत माणसाने स्वतःला काय लिहिलं याची, ती बी०२०१५मध्ये आहे. २०१०च्या जनगणनेत स्वतःला तैवानी म्हणवणारे, मिश्र वंशाचे धरूनही, साधारण २ लाख ३० हजार निघाले. यात अमेरिकेत जन्मलेली मुलंही आली, तरी आकडा जन्मस्थानाच्या आकड्यापेक्षा लहान! कारण सोपं आहे. फॉर्मवर 'चायनीज'ला चौकोन छापलेला आहे, 'तैवानीज'ला नाही, ते हाताने लिहावं लागतं. शिवाय १९४९मध्ये क्वोमिन्तांग (चिनी राष्ट्रवादी पक्ष) सरकारबरोबर मुख्य भूमीवरून तैवानात आलेल्या घरांतले बरेच जण तैवानात जन्मूनही 'चायनीज'वरच खूण करतात. म्हणजे चिनी ओळीतही थोडे तैवानी मिसळलेले असतात.

स्थलांतरितांची तुलना करायची असेल तर माझं मत जन्मस्थानाच्या बाजूने. ते फॉर्म भरणाऱ्याच्या राजकीय मतावर अवलंबून राहत नाही.

तयार आकडे हवे असतील तर त्याच सर्व्हेतला एस०२०१ हा तक्ता पाहा. त्यात गट निवडला की मध्यक (ओळीत बरोबर मधलं) उत्पन्न, शिक्षण, घरमालकी सगळं एकत्र मिळतं. पण वय आणि येण्याचं साल तसंच धरून तुलना करायची असेल तर आयपम्सच्या (सर्व्हेच्या एकेका माणसाच्या निनावी नोंदी देणारा प्रकल्प) संकेतस्थळावरून कच्ची फाइल उतरवा. एका वर्षाची फाइल घेऊ नका, तैवानी नमुना फार छोटा पडतो. पाच वर्षांची घ्या. लागणारी चलं अशी: बीपीएलडी (जन्मस्थान), वायआरइमिग (येण्याचं साल), एज (वय), एज्युक (शिक्षण), स्कूल (सध्या शिकतो का), जीक्यू (साधं घर की वसतिगृहासारखी जागा), एचएचइन्कम (घराचं उत्पन्न), पॉव्हर्टी (उत्पन्न गरिबीरेषेच्या किती टक्के), आणि वजनासाठी, म्हणजे नमुन्यातली एक ओळ किती जणांच्या वतीने मोजायची यासाठी, पर्डब्ल्यूटी (माणसाचं) व एचएचडब्ल्यूटी (घराचं). जन्मस्थानासाठी साधं बीपीएल घेतलंत तर तैवान आणि हाँगकाँग चीनमध्येच मिसळून येतात, म्हणून शेवटचा 'डी' महत्त्वाचा.

इथे हमखास होणाऱ्या चुका तीन.

एचएचइन्कममध्ये ९९९९९९९ म्हणजे 'लागू नाही'. ते काढलं नाही तर सरासरी आकाशाला भिडते.

पॉव्हर्टीमध्ये शून्य म्हणजेही 'लागू नाही', कंगाल नव्हे. शंभरच्या खालचे सगळे गरीब धरायचे अशी अट लिहिली की ही शून्यंही त्यात शिरतात आणि वसतिगृहातली मुलं एका फटक्यात गरीब होतात. अट '१ ते ९९' अशीच लिहा.

तिसरी चूक वजनाची. घराचं उत्पन्न काढताना दर घरामागे एकच ओळ ठेवा आणि वजन घराचं लावा. सगळ्या ओळी ठेवून माणसाचं वजन लावलं तर सहा जणांचं घर सहा वेळा मोजलं जातं.

शेवटी त्रुटीची मर्यादा. छापील तक्त्यातला '±' ९० टक्के विश्वासपातळीचा असतो, त्याला १.६४५ने भागलं की प्रमाणत्रुटी मिळते. समजा एका गटाचं मध्यक १,१०,००० ± ९,००० आणि दुसऱ्याचं ९५,००० ± २,००० आहे. प्रमाणत्रुटी ५,४७१ आणि १,२१६. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ५,६०४. फरक १५,००० भागिले ५,६०४ म्हणजे २.६८. हे १.६४५च्या वर आहे, तेव्हा फरक खरा धरायला हरकत नाही. जिल्हा पातळीवर उतरलात की तैवानी आकड्यांचे बहुतेक फरक या चाळणीतून गळून पडतात.

पागोळी

रेघोटी, 'भाषा जवळपास एक' हे आधी दुरुस्त करते, कारण पैशाची वाट भाषेनेच वेगळी होते. जुने चिनी स्थलांतरित ताइशान भागातले, त्यांची बोली कँटोनीजच्या कुळातली. १९८०नंतर न्यूयॉर्कला आलेले फूचौचे, त्यांची बोली वेगळीच. तैवानात मँडरिन, होक्कियन आणि हक्का. फूचौ आणि होक्कियन दोन्ही मूळच्या फूच्येन प्रांतातल्या, तरी एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. नोकरी, खोली, उधारी सगळं आपल्या बोलीच्या माणसाकडून मिळतं, त्यामुळे 'चिनी समाज' ही एक बाजारपेठ कधीच नव्हती.

आता शिकलेलेच का आले ते. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं. १९४३मध्ये ते किलकिलं झालं, पण कोटा वर्षाला १०५ माणसांचा! १९६५च्या कायद्याने देशवार वीस हजारांची मर्यादा आली. त्या वेळी अमेरिकेच्या लेखी चीन म्हणजे तैपेईचं सरकार, आणि मुख्य भूमीवरून माणूस बाहेर पडूच शकत नव्हता. म्हणून चीनच्या नावाचा कोटा व्यवहारात तैवानच्या आणि तैवान-हाँगकाँगमार्गे आलेल्या लोकांच्या वाट्याला आला. १ जानेवारी १९७९ला अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली, आणि १९८२पासून तैवानला स्वतःचा वेगळा वीस हजारांचा कोटा मिळाला. सव्वादोन कोटींपेक्षाही कमी वस्तीच्या बेटाला शंभर कोटींच्या चीनएवढाच कोटा! माणशी संधीचा हिशेब यातच आला.

त्यात तैवानातून येण्याचा मुख्य रस्ता पदव्युत्तर शिक्षणाचा होता. तिकडे म्हणच पडली होती: 'या, या, ताइदाला या, जा, जा, अमेरिकेला जा.' ताइदा म्हणजे राष्ट्रीय तैवान विद्यापीठ. १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता, त्यामुळे शिकून परत जाण्याची ओढ कमी. विद्यार्थी व्हिसा, मग नोकरी, मग ग्रीनकार्ड, आणि नंतर भावंडं व आईवडील, असा क्रम लागला. पहिलाच माणूस इंजिनियर, तर त्याच्या मागून येणारी भावंडंही बहुधा शिकलेलीच.

मुख्य भूमीवरून मात्र दोन टोकांचे लोक आले. एका टोकाला पीएचडीवाले. १९८९ला बीजिंगच्या तिआनानमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतर, १९९२च्या कायद्याने त्यांच्यातल्या सुमारे ५४ हजार जणांना ग्रीनकार्ड मिळालं. दुसऱ्या टोकाला फूचौच्या आसपासच्या खेड्यांतले, दलालाला पैसे देऊन जहाजाने आलेले. ६ जून १९९३ला न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावर २८६ माणसं घेऊन रुतलेलं 'गोल्डन व्हेंचर' त्यातलंच. तेव्हाचा दर माणशी साधारण तीस हजार डॉलर. ही रक्कम नातेवाईक आणि सावकारांकडून उचललेली, म्हणजे माणूस अमेरिकेत पाऊल ठेवतो तेव्हा त्याची शिल्लक उणे तीस हजार असते. मग न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या ईस्ट ब्रॉडवेवरच्या नोकरी-दलालाकडून कुठल्या तरी राज्यातल्या चिनी हॉटेलात काम, राहणं-खाणं मालकाकडे, आणि पगार जवळपास सगळा कर्जात. तान्ही मुलं आजी-आजोबांकडे फूचौला धाडायची, कारण दोघांनाही बारा-बारा तास काम.

या दोन टोकांची सरासरी काढली तर ती प्रत्यक्षात कुणाचीच नसते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून माझ्या मते 'नाही, अर्थ उरत नाही.' निदान न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया वेगळे काढा, आणि पदवीधर व बिगरपदवीधर वेगळे काढा.

वाणसामान

वरच्या दोघांनी उत्पन्नाबद्दल लिहिलं. मला वाटतं खरा फरक बरोबर आणलेल्या भांडवलात आहे, आणि तो या पाहणीत मोजलाच जात नाही.

१९८७ हे साल लक्षात ठेवा. त्या जुलैत तैवानने परकीय चलनावरचे निर्बंध सैल केले आणि माणशी वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा दिली. त्याच सुमारास तैवानी डॉलर चढत होता: १९८५ला एका अमेरिकन डॉलरला चाळीसच्या आसपास मोजावे लागत, १९८९ला सव्वीसच्या आसपास. म्हणजे दहा लाख तैवानी डॉलरचे आधी २५ हजार अमेरिकन डॉलर यायचे, ते साडेअडतीस हजारांच्या घरात गेले. शेअरबाजारही फुगलेला, निर्देशांक फेब्रुवारी १९९०मध्ये बारा हजारांवर. त्या वर्षांत ज्याने तैपेईतला फ्लॅट विकून लॉस एंजेलिसजवळ माँटेरे पार्कला घर घेतलं, त्याला फारसं कर्ज काढावं लागलं नाही. 'लिटिल तैपेई' हे नाव त्या गावाला उगाच पडलेलं नाही.

आणि कॅलिफोर्नियात १९७८पासून प्रपोझिशन १३ आहे. मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवर साधारण एक टक्का, आणि करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून १९८८ला घेतलेलं घर आणि २०१२ला शेजारीच घेतलेलं घर, बाजारभाव सारखा असला तरी करात कितीतरी फरक. लवकर आलेल्या तैवानी घराला हा फायदा दर वर्षी मिळतो, आणि उत्पन्नाच्या रकान्यात तो दिसत नाही.

चीनमधून आज पैसा न्यायचा तर माणशी वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा आहे. मोठी रक्कम दहा नातेवाइकांच्या नावांनी तुकड्यातुकड्याने हलवतात, त्याला तिकडे 'मुंग्यांचं घर बदलणं' म्हणतात. पकडलं गेलं तर ज्यांची नावं वापरली त्या नातेवाइकांचीही मुभा जाते.

दुकान टाकायला दोन्हीकडे भिशी चालते, 'हुई' म्हणतात. तैवानी हुई म्हणजे सरळ आपली लिलाव भिशी. हिशेब पाहा: चालक एक, सभासद वीस, महिना ५०० डॉलर. पहिला डाव चालकाचा, बिनव्याजी, १०,००० डॉलर. दुसऱ्या महिन्यात बोली लागते, सगळ्यात जास्त ६० डॉलर सोडायला जो तयार त्याचा डाव. उरलेले १९ सभासद प्रत्येकी ४४० देतात, ते ८,३६०, आणि चालकाचे ५००, मिळून ८,८६०. ज्याने उचलली त्याला पुढचे १९ महिने पूर्ण ५०० भरायचे. पहिला हप्ता धरून एकूण १०,००० भरले, हातात आले ८,८६०. म्हणजे १,१४० डॉलर व्याज, तेही तारण आणि पतइतिहास न लागता. जो शेवटपर्यंत थांबतो त्याला ते व्याज मिळतं.

बुडते कुठे, तर लवकर उचललेला माणूस गाव सोडून गेला की. तो भरणा चालकाने करायचा असतो, आणि बऱ्याचदा चालकच दुसऱ्या भिशीतून उचलून हे भरत असतो. मग एका फटक्यात तीन-चार भिश्या कोसळतात. तैवानने १९९९मध्ये नागरी संहितेत हुईची कलमं घातली: चालकाला आपल्याच भिशीचं सभासद होता येत नाही. फूचौवाल्यांच्या भिशीवर आधीच दलालाच्या कर्जाचा बोजा असतो, म्हणून तिथे एक हप्ता चुकला की धक्का जास्त बसतो.

रेघोटी

हे फारच उपयोगी आहे, तिघांचेही आभार. एक शंका. चिनी गटातली गरिबी हॉटेल-कामगारांमुळेच दिसते का? गरिबीचे बरेचसे आकडे विद्यापीठांच्या गावांतही जास्त निघताहेत.

दशांश

ते विद्यार्थी. २०१९-२०मध्ये चीनचे ३,७२,५३२ विद्यार्थी अमेरिकेत होते, २०२३-२४मध्ये २,७७,३९८. तैवानचे साधारण तेवीस हजार. वसतिगृहात राहणारे गरिबीच्या मोजणीत येत नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारे येतात. फी आणि भाडं घरून येतं, स्वतःचं उत्पन्न जवळपास शून्य, म्हणून कागदावर गरीब. जन्मस्थान चीन, वय १८ ते २९ आणि स्कूलमध्ये 'शिकत आहे' अशी माणसं एकदा बाजूला काढून दर पुन्हा काढा. कॉलेजच्या गावांतला फुगवटा उतरेल, फूचौवाल्यांची वस्ती असलेल्या ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधला उतरणार नाही.

वृद्धही वेगळे काढा. नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याची अट नाही, त्यामुळे साठीनंतर आलेले पुष्कळ. सोशल सिक्युरिटीला कामाच्या ४० तिमाह्या लागतात, त्या भरत नाहीत. मुलाच्या घरात राहिले तर घराच्या उत्पन्नामुळे गरीब ठरत नाहीत, आणि वृद्धांसाठीच्या इमारतीत वेगळी खोली घेतली की त्याच दिवशी गरीब ठरतात. एरव्ही घराच्या आकाराचाही हिशेब ठेवा. चौघांचं घर आणि १ लाख उत्पन्न, याला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की ५०,०००. दोघांचं घर आणि ८०,००० म्हणजे ५६,५६९. वरवर गरीब दिसणारं घर इथे पुढे गेलं.

पागोळी

येण्याच्या सालाबद्दल एक राहिलं. तैवानमधून येणं नव्वदच्या दशकात ओसरलं. शिंचू विज्ञान उद्यान १९८०चं, चिप बनवणारी टीएसएमसी कंपनी १९८७ची, तिकडेच चांगल्या नोकऱ्या मिळायला लागल्या आणि बरेच इंजिनियर परत गेले. म्हणून आज अमेरिकेतले तैवानी सरासरीने वयस्क आणि जुने आहेत. २०१०नंतर आलेल्या चिन्यांशी त्यांची तुलना म्हणजे तीस वर्षं नोकरी केलेल्याची पहिल्या वर्षाच्या उमेदवाराशी तुलना. १९८० ते १९९४मध्ये आलेले, येताना २२ ते ३५ वयाचे, आणि पदवीधर, एवढेच दोन्ही बाजूंनी घ्या. अंतर बरंच कमी होतं.

याच तक्त्यांत २०१९ला भारतीय घरांचं मध्यक १,१९,००० डॉलर होतं, सगळ्या आशियाईंचं ८५,८००. ती ओळ वाचतानाही हीच चाळणी लावा. तिथेही एकाच 'भारतीय' नावाखाली सॉफ्टवेअरवाले आणि न्यूयॉर्कचे पंजाबी टॅक्सीचालक एकत्र बसलेले आहेत.