जुन्या सोसायटीच्या तापणाऱ्या गच्चीसाठी सरकारी अनुदान मिळते का?

सचिव_सोलापूर :
आमच्या सोसायटीच्या १९९३ साली बांधलेल्या तीन मजली दोन इमारती आहेत. एकूण २४ सदनिका असून बहुतेक सभासद यंत्रमाग कामगार किंवा निवृत्त आहेत. वरच्या मजल्यावरील आठ घरांत एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊ वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावला, तर तो फार वेळ टेकवता येत नाही. गेल्या वर्षी एका सभासदांनी गच्चीवर ओली गोणपाटे अंथरली. दोन रात्री बरे वाटले आणि मग त्यांच्याच स्वयंपाकघरात ओल उतरली.

घरकुल योजनेतून दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे अडीच लाख मिळतील, असे सांगून एका सल्लागाराने आमच्याकडून अर्ज भरण्याचे पैसे घेतले. पुढे काहीच झाले नाही. जुन्या, अल्प उत्पन्न गटाच्या घरांतील उष्णता कमी करण्यासाठी खरोखर एखादी योजना आहे का? आणि सौर पॅनेलचे अनुदान मिळते, तर आधी तेच बसवून घ्यावे का?

गच्ची_आणि_छज्जा :
मी वास्तुरचनाकार आहे. तुमच्या सल्लागाराने जो आकडा सांगितला तो खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, तो नवे घर उभे करण्यासाठी. २०१५ च्या मूळ योजनेत असलेले घर वाढवण्याची सोय होती, पण त्यासाठी किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्र वाढवावे लागे. घर तेवढेच ठेवून ते थंड करायचे असेल, तर त्याला या योजनेत रकानाच नाही.

सौर अनुदान मात्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी तुम्ही ५ किलोवॅटचा संच बसवलात, तर ९०,००० रुपये होतील. त्याने सोसायटीचे वीजबिल उतरेल. वरच्या आठ घरांचे छत मात्र, पॅनेलच्या सावलीत येणारा तुकडा सोडला, तर तितकेच तापेल. शिवाय पॅनेल पंचवीस वर्षे जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या पायांखालची गळती काढणे हा गवंड्याला नको असलेला उद्योग असतो. म्हणून आधी गच्ची आणि मगच पॅनेल, हा क्रम उलटू देऊ नका.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताचा उष्णता-संक्रमणांक (छतातून किती उष्णता आरपार जाते त्याचे माप; जितका कमी तितके चांगले) १.२ पेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. उघड्या स्लॅबचा तो तीनच्या वर असतो. ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे, पण आपली गच्ची किती मागे आहे हे तिच्यावरून कळते. जलरोधनासाठी गच्ची कधी ना कधी उकरावी लागणारच आहे. त्याच वेळी स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर उताराचा कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक करून घ्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, खालचा थर उरलेली उष्णता अडवतो. ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि ठेकेदार बहुधा त्यांतले एकच करून दोन्हींचे पैसे लावतो.

कुंभारीकर :
नव्या बांधकामाबद्दल थोडे लिहितो, कारण तिथे पैसा आहे. आमच्या शेजारच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. त्यातील १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. एवढ्या संख्येत पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती पुढे काढायचा, हा कागदावर पाच मिनिटांत घेतलेला निर्णयही ३०,००० कुटुंबांची दुपार ठरवतो. राजकोटमध्ये भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून आवास योजनेच्याच घरांमध्ये एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, भिंती (आमचे गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतात), पूर्ण उघडणारी झडपांची खिडकी आणि हवा खेचणारे सामायिक शाफ्ट (उभे पोकळ मार्ग) असे उपाय केले गेले. आता आवास योजनेच्या २.० आवृत्तीत सरकारी किंवा खासगी संस्थांशी भागीदारीत उभारलेल्या प्रकल्पांना नव्या बांधकाम-तंत्रासाठी प्रति चौरस मीटर १,००० रुपयांचे वाढीव अनुदान आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ते तंत्राला मिळते, त्या घरात मे महिन्यात किती तापमान राहिले याला नाही.

ओहायोवासी :
येथे थंडीचा प्रश्न आहे, तरी पद्धत सांगण्यासारखी वाटते. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने सुरू झालेल्या कार्यक्रमातून अल्प उत्पन्न कुटुंबांच्या जुन्या घरांचे उष्णतारोधन (फटी बुजवून ऊब आत राखणे) सरकारी खर्चाने केले जाते आणि भाडेकरूही त्यास पात्र असतात. आमच्या शेजारच्या आजींकडे माणसे आली, तेव्हा त्यांनी आधी पुढच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढून फटी कुठे आहेत ते मोजले. काम झाल्यावर तोच पंखा पुन्हा लावला. आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही कागदावर राहिले.

सचिव_सोलापूर :
सर्वांचे आभार. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी जमा करतो, पण तो खर्च १९९३ चा असल्यामुळे शिल्लक फारच तुटपुंजी आहे. वार्षिक सभेत दर वाढवण्याचा ठराव मांडणार आहे. खालच्या मजल्यांवरचे सोळा सभासद तो मान्य करतील का, याची धास्ती आहे. गच्ची सर्वांच्या मालकीची असली तरी तापते ती आठांनाच. ओहायोच्या पंख्याऐवजी आम्ही दोन साधे तापमापक आणून एक वरच्या घरात आणि एक तळमजल्यावर लावतो, आणि रोज रात्री नऊची नोंद सूचनाफलकावर लिहितो.

गच्ची_आणि_छज्जा :
तापमापक खिडकीजवळ नको, आतल्या भिंतीवर लावा. आणि नोंदी काम सुरू होण्यापूर्वीच्या पूर्ण मे महिन्याच्या असू द्या.