बाळंतपणाच्या तयारीचा क्लास: सांगलीत करावा की जतला? नवऱ्याने नेमकं काय शिकायचं?

सांगलीवाडीकर
बायकोला २८वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. डोहाळजेवण झालं की ती माहेरी जतला जाणार. बाळंतपण तिकडे करायचं की मिरजेत, हे अजून ठरलेलं नाही. विश्रामबागेतल्या एका क्लासची चौकशी केली. सहा सत्रं आहेत, दोघांनी यायचं. क्लास आत्ता लावावा की तिकडे गेल्यावर? आणि मी तिथे बसून नक्की काय शिकायचं?

फिजिओ_मिरज
आत्ताच लावा, सांगलीतच, आणि दोघं मिळून जा. २८ ते ३४ आठवडे हा काळ सोयीचा. पुढे पोट जड होतं, तासभर एका जागी बसवत नाही.

पहिल्या सत्राआधी व्यायामाची परवानगी डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या. वार खाली असेल, अंगावर रक्त गेलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढेच. बाकीची माहिती बसून ऐकता येते. फाईल न बघता सगळ्याजणींना सरसकट उठाबशा काढायला लावणारा क्लास असेल तर तिथून परत या.

तुम्ही शिकायचं ते हाताने. कळ कमरेत येते तेव्हा माकडहाडाच्या वर एक सपाट त्रिकोणी हाड लागतं. त्यावर तळव्याचा मनगटाजवळचा भाग ठेवून कळ चढल्यापासून उतरेपर्यंत सलग दाब द्यायचा. चोळायचं नाही. नुसत्या मनगटाने ढकललं तर पाच मिनिटांत हात भरून येतो, म्हणून कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाका. बहुतेक नवरे घाबरून फार हलका दाब देतात. किती हवा ते तीच सांगेल, तिला विचारत राहा.

श्वास नाकाने ४ मोजत आत, तोंडाने ६ ते ८ मोजत बाहेर. घाबरून भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. अशा वेळी 'हळू घे' असं सांगून उपयोग होत नाही. तिच्या समोर बसा, डोळ्यात बघा आणि तिला ऐकू येईल असा लांब उच्छ्वास स्वतः सोडा. दोन-तीन वेळा केलं की ती तुमच्या लयीत येते. घरी रोज दहा मिनिटं सराव हवा. त्याशिवाय ऐन वेळी यातलं काही आठवत नाही.

मोठा चेंडू घेणार असाल तर उंची ५ फूट ३ इंचांपर्यंत ५५ सेंमीचा, त्यापुढे ६५ सेंमीचा. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. नुसत्या फरशीवर नको, खाली रबरी मॅट, पाय अनवाणी, आणि मागे तुम्ही.

सिस्टरताई
वरचं सगळं बरोबर. पण प्रसूती कक्षात नवऱ्याला सोडतात का, हे जिथे नाव घातलंय त्या दवाखान्यात विचारा. क्लासवाले त्याचं उत्तर देऊ शकत नाहीत. सरकारी दवाखान्यात सोबतीला एक बाई ठेवायची मुभा आहे, पण एकाच खोलीत चार टेबलं असतील तर पुरुषाला आत घेत नाहीत, बाकीच्या बायकांचा आडोसा जातो. तेव्हा तिची आई किंवा बहीण, जी आत जाणार, तिलाही एका सत्राला न्या. आतल्या सोबतिणी 'जोर लाव, जोर लाव' म्हणत राहतात. पिशवीचं तोंड पूर्ण १० सेंमी उघडायच्या आत जोर लावला तर तोंडाला सूज येते आणि बाई दमते ती वेगळीच.

कळा मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजा. बरेच जण कळ संपल्यापासून मोजतात, अंतर आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि मंडळी फार लवकर येऊन बसतात. पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर तशाच चालू राहिल्या की निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधी. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर विरल्या तर त्या खोट्या.

पाणमोट फुटली तर कळांसाठी थांबायचं नाही. वेळ लिहून ठेवा, पॅड लावा, पाण्याचा रंग बघा आणि निघा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, एक मिनिटही घालवू नका. नाळ बाहेर दिसली तर तिला गुडघे टेकून, डोकं खाली आणि कंबर वर अशा स्थितीत ठेवा आणि १०८ ला फोन लावा. बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आठवडा कितवाही असो, थेट दवाखाना.

कृष्णाकाठ
क्लासमध्ये हे कोणी काढणार नाही म्हणून लिहितो. तारीख ऑगस्टची आणि घर सांगलीवाडीत, म्हणजे मिरजेहून बघितलं तर कृष्णेच्या पलीकडच्या काठावर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. मिरजेत बाळंतपण ठरलं तर पाणी ३५ च्या पुढे चढतंय आणि कोयनेतला विसर्ग वाढतोय असं दिसताच, ४० ची वाट न बघता, फाईल आणि पिशवीसकट मिरजेच्या बाजूला पाहुण्यांकडे मुक्काम हलवा.

जतला ठरलं तर ३४व्या आठवड्याच्या आत तिथल्या डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन. त्यांना विचारा: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त लागलं तर कुठून आणतात, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर कुठे पाठवतात. उत्तर 'मिरजेला' असं आलं आणि बीपी, साखर, जुळं, आडवं बाळ असं काही आधीच सांगितलेलं असेल, तर बाळंतपण मिरजेतच ठेवा. माहेरपण नंतरही होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. घरी सोडायला १०२ ची गाडी मिळते.

सांगलीवाडीकर
फार उपयोग झाला, आभार. आणखी दोन शंका. नववा लागला की एरंडेल द्यायचं असं सासूबाई म्हणतात. आणि शेवटी सिझरच झालं तर क्लास वाया गेला का?

सिस्टरताई
एरंडेल घरी देऊ नका. आतडी खवळतात, जुलाबाने अंगातलं पाणी जातं, आणि कळा सुरू झाल्याच तर किती जोराच्या येतील हे कोणाच्या हातात नाही. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांसमोरच विषय काढा.

सिझरसाठीही क्लास लागतो. कुशीवर वळून, पाय खाटेखाली सोडून, हाताच्या आधाराने उठायचं. खोकताना टाक्यांवर उशी दाबायची. बाळाला काखेखाली धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. पहिल्या तासात बाळ छातीशी लावून चीक पाजा. मध, गुटी, साखरपाणी काही नको, मधातून तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ दुपटी ओली होत असतील तर दूध पुरतंय. अंगावर पाजायचं सत्र या क्लासमध्ये शेवटी ठेवलेलं असेल तर ते तिसरं घ्यायला सांगा. बाई माहेरी गेल्यामुळे शेवटचंच सत्र हमखास बुडतं.