काकूंच्या कॉम्प्युटरमधले लेख

*बी-१०३:* नमस्कार मंडळी. आमचा जुना कॉम्प्युटर काल बंद पडला. काळ्या स्क्रीनवर 'बूटएमजीआर इज मिसिंग' एवढंच येतंय. दुकानात दाखवला तर म्हणाले, १५ वर्षं झाली, भंगारात द्या. पण त्यात ह्यांचे सगळे लेख आहेत. कागदावरच्या प्रती शाहूपुरीतल्या घरात २०१९ च्या पुरात गेल्या. कुणाला यातलं कळतं का?

*ए-४०१:* काकू, भंगारात अजिबात देऊ नका. आधी एक सांगा, चालू केल्यावर आतून टकटक आवाज येतो का? येत असला तर लगेच बंद करा, परत चालूच करू नका.

*बी-१०३:* नाही बाळा. पंख्याचा आवाज येतो, तो नेहमीचाच.

*ए-४०१:* मग हार्ड डिस्क बहुतेक बरी असणार. विंडोज सुरू करून देणारी फाईल त्याला सापडत नाहीये, एवढंच तो मेसेज सांगतोय. आपण पेनड्राइव्हवरून लिनक्सनं, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकटच्या सिस्टिमनं, कॉम्प्युटर चालू करू आणि लेख बाहेर काढू. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण रिकामा असू दे. त्यातलं सगळं पुसलं जातं.

*सी-२०४:* मी मागं लिनक्सची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर टाकलेली. काहीच झालं नाही.

*ए-४०१:* सर, नुसती कॉपी करून चालत नाही. जुना बायोस, म्हणजे चालू केल्यावर सगळ्यात आधी चालणारा मशीनमधला प्रोग्रॅम, डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये बघतो. चालू करायचा कोड तिथंच लागतो, आणि तो कॉपी-पेस्टनं तिथं जात नाही. रुफससारखा प्रोग्रॅम तो लिहून देतो. त्यात पार्टिशन स्कीमला, म्हणजे डिस्कच्या मांडणीला, एमबीआर ही जुनी पद्धत निवडायची. जीपीटी ही नवी पद्धत ठेवली तर तो पेनड्राइव्ह तुमच्या नव्या लॅपटॉपवर चालेल, काकूंच्या मशीनवर नाही.

*सी-२०४:* पण लिनक्स कशाला? सरळ विंडोज १० टाकूया की.

*ए-४०१:* त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि आपल्याला आत्ता काही टाकायचंच नाही सर, काढायचं आहे. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, हार्ड डिस्कला हात लावत नाही. काकूंच्या मशीनमध्ये कोअर टू ड्युओ हा जुना प्रोसेसर आणि २ जीबी रॅम आहे, म्हणून मिंटचा एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार घेतो. हळू चालेल, पण चालेल.

*ए-१०२:* दादा, माझ्याकडं १६ जीबीचा रिकामा आहे. पोराच्या हातात पाठवते.

*ए-४०१:* लई बरं झालं ताई. काकू, उद्या सहाला येतो.

_दुसरा दिवस_

*बी-१०३:* दादा खाली बसलाय. पेनड्राइव्ह लावलाय तरी तोच मेसेज येतोय.

*सी-२०४:* बूटच्या यादीत यूएसबी पहिलं केलंय का?

*ए-४०१:* केलंय सर. या बायोसमध्ये पेनड्राइव्ह यूएसबीच्या नावाखाली दिसतच नाहीये. थांबा, बघतो.

*ए-४०१:* सापडलं! हा बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतोय. 'हार्ड डिस्क प्रायॉरिटी' म्हणून वेगळं पान आहे, तिथं दोन नंबरला बसलेला. वर घेतला आणि मिंट सुरू झालं. कुणाकडं जुनं मशीन असेल तर हे पान नक्की बघा. आणि पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टला लावू नका, मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा.

*बी-१०३:* फोल्डर दिसले रे मंडळी! ह्यांच्या नावाचं फोल्डर आहे. पण लेख उघडला की एबीसीडीसारखी चिन्हं येतायत. खराब झाले का?

*ए-१०२:* काकू, खराब नाही झाले. काकांनी श्रीलिपीत टाईप केले असणार. मी डीटीपी करते ना, हे रोज बघते. तो जुना फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडं वाचता येणारा, नाही, म्हणून फॉन्ट नसला की मराठीच्या जागी अशी चिन्हं दिसतात. दादा, त्याच डिस्कवर विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स म्हणून फोल्डर असेल. तेही उचल.

*ए-४०१:* मिळाले ताई. फॉन्ट टाकले आणि अक्षरं आली. तुम्ही सांगितलं नसतं तर मी फक्त लेख घेऊन गेलो असतो, आणि पुढं ते कुणालाच वाचता आले नसते.

*ए-१०२:* मला एक प्रत पाठव. रोज थोडे थोडे युनिकोडमध्ये करून देते काकूंना. पैशाचं बोलायचं नाही.

*ए-४०१:* आता लेख आणि फॉन्ट दोन्ही काकूंच्या बाहेरून जोडायच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतोय, दुसरी प्रत ताईंना देतो. दोन्हीकडं उघडून बघितल्याशिवाय मिंट कायमचं टाकणार नाही. कारण टाकताना 'इरेज डिस्क' दाबलं की जुनं सगळं जातं. अजून एक, घड्याळ २००९ दाखवतंय, म्हणून ब्राउझर एकही साइट उघडत नाही. आतला सेल संपलाय. सीआर २०३२, नाण्याएवढा असतो. येताना घेऊन येतो.

*सी-२०४:* माझ्याकडं आहे एक नवा. आत्ता आणून देतो.

*बी-१०३:* या सर, चहा ठेवलाय. पहिलाच लेख रंकाळ्यावरचा निघाला. दादा मोठ्यानं वाचतोय.