बॅकयार्ड अल्ट्रानंतर तिसऱ्या दिवशी पळण्याचा सल्ला नवख्यांना का देता?

पायवाट

या मंचावर परवा एका धावपटूने आपल्या पहिल्या बॅकयार्ड अल्ट्राचा, म्हणजे दर तासाला ठरावीक अंतराची एक फेरी पळत राहण्याच्या शर्यतीचा, अनुभव लिहिला. त्यांनी 24 फेऱ्या, म्हणजे सुमारे 161 किलोमीटर पूर्ण केले, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. परंतु 'तिसऱ्या दिवशी दहा किलोमीटर पळालो, विश्रांती हे सगळे मनाचे खेळ आहेत' हे त्यांचे शेवटचे वाक्य वाचून मला गप्प बसवेना, कारण असेच काहीतरी वाचून मी गेल्या वर्षी माझ्या पहिल्या बॅकयार्डला उभा राहिलो होतो.

दर तासाला 6.706 किलोमीटरची एक फेरी, एवढेच ऐकले की हा प्रकार कोणालाही जमेल असे वाटते. 52 मिनिटांत परत यावे आणि आठ मिनिटे खुर्चीत बसून दहीभात खावा, यात अवघड ते काय? मॅरेथॉनमध्ये 42 किलोमीटर संपले की शर्यतच आपल्याला थांबवते. येथे मात्र शेवटचा एक जण उरेपर्यंत शर्यत संपत नाही, त्यामुळे थांबण्याचा निर्णय ज्याचा त्यालाच, तोही बुद्धी सर्वांत थकलेली असताना घ्यावा लागतो. अकराव्या फेरीनंतर गुडघ्यासाठी मी आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची एक गोळी घेतली आणि चौदाव्यानंतर दुसरी. पंधराव्या फेरीनंतर शेवटचा एक मिनिट उरल्याची शिट्टी वाजली, तेव्हा खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही हात रेटूनही मला उठता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता. पुढचे तीन दिवस सलाईन लावून काढले आणि सहा आठवडे पळणे पूर्ण बंद होते. त्या सहा आठवड्यांबद्दल मला आधी कोणीही सांगितले नव्हते.

काळाकातळ

तो लेख माझा आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. आपल्याला झालेला त्रास मी नाकारत नाही, पण तो गोळ्यांचा आणि अपुऱ्या तयारीचा दोष असताना आपण तो माझ्या पळण्यावर लादत आहात. मी तीन वर्षे तयारी केली होती. आधीच्या एका 50 किलोमीटरच्या शर्यतीनंतर चार दिवस अंथरुणात पडून राहिलो, तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. या वेळी दुसऱ्या दिवशी चाललो आणि तिसऱ्या दिवशी सावकाश पळालो, तेव्हा मांड्या मोकळ्या झाल्या. माझे वडील बावीस वर्षे वारी करतात. पंढरपूरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी ते गुडघाभर चिखलात भातलावणीला उभे असतात. त्यांना विश्रांतीचे वेळापत्रक कोणी लिहून दिले नव्हते.

पायवाट

आपल्या वडिलांना माझा नमस्कार. परंतु वारकरी दिवसाला साधारण पंधरा-वीस किलोमीटर चालतो, मुक्कामी जेवतो आणि रात्री झोपतो. बॅकयार्डमध्ये झोपच काढून घेतलेली असते. ही तुलना टिकत नाही.

कडूकारले

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून एवढेच सांगते. शरीरातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ज्या द्रव्यांच्या आधाराने टिकतो, तीच द्रव्ये आयबुप्रोफेन रोखते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्ट्रा धावपटूंपैकी काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती. मूत्रपिंडावर परिणाम दिसलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 52 आणि 34 टक्के होते. म्हणजे गोळी न घेणारेही सुटले नाहीत, हे काळाकातळ यांनी लक्षात घ्यावे. पाय मोकळे वाटले म्हणून मूत्रपिंड सावरले असे होत नाही.

निशिगंध

सगळी चर्चा धावणाऱ्याच्या पायांची चालली आहे. माझे यजमान 18 फेऱ्या पळाले, तेव्हा शर्यतीच्या जागी त्यांच्या मदतीसाठी तंबूत मी बसले होते. दर तासाला मीठ लावलेले बटाटे, बाटलीतले पाणी, कोरडे मोजे आणि पहाटे तीन वाजता फोड आलेल्या टाचेला चिकटपट्टी, हे सगळे मी केले. ते निदान पळत होते. मला ते फेरीवर असताना चाळीस मिनिटे डोळा लावायलाही भीती वाटत होती, कारण शिट्टी ऐकू आली नाही तर त्यांची फेरी माझ्यामुळे हुकली असती. नंतरचा आठवडा ते जिना उलटे उतरत होते, आणि डबा, मुले, बाजार हे सगळे माझ्याकडे होते. त्या आठवड्याची रजा त्यांनी घेतली होती, मला कोणी दिली?

सडाफटिंग

मग कुटुंबाला ओढावेच कशाला? मी कोणाच्याही मदतीविना 12 फेऱ्या पळालो. आपला छंद आपण निस्तरावा.

निशिगंध

तुम्ही एकटे राहता का, हे आधी सांगा. माणूस घरी परत येतो तेव्हा त्याचे शरीर घरातलेच कोणीतरी सांभाळते. आणि ओढून नेले असे मी कुठे म्हटले? मी आनंदाने गेले होते, पुन्हाही जाईन. माझे म्हणणे एवढेच आहे की पळणारा आपल्या अनुभवात दर फेरीची मिनिटे लिहितो आणि तंबूतल्या माणसाचे नावही लिहीत नाही.

पायवाट

हे मला लागले, आणि ते योग्यच आहे. माझ्या लघवीचा रंग पाहून रुग्णालयाचा हट्ट माझ्या आईने धरला होता. मी मात्र पाणी पिऊन झोपणार होतो.

काळाकातळ

मी अजूनही म्हणतो की हलके चालणे-पळणे माझ्या शरीराला मानवले. तरीही कडूकारले यांच्या सांगण्यावरून उद्या मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घेतो, वाद मिटावा एवढ्यासाठी.

निशिगंध

शर्यत संपल्यावर घरी गाडी कोणी चालवली, हेही सांगा.

काळाकातळ

मीच चालवली. बरोबर धाकटा भाऊ होता, पण त्याला गाडी येत नाही. ताम्हिणी घाट उतरताना एका वळणावर माझा डोळा लागला आणि त्याने हाक मारली म्हणून जाग आली. ते मी लेखात लिहिले नव्हते.