हिप्पोस आणि अश्व: एकाच घराण्यातले?

हिप्पोपोटॅमस म्हणजे ‘नदीतला घोडा’, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यातला ग्रीक ‘हिप्पोस’ आणि आपला ‘अश्व’ चुलतभाऊ आहेत म्हटलं, तर थाप वाटते. एक अक्षर जुळेल तर शपथ!

दुवा सापडतो तो लिनियर बी लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर. ही लिपी मायकेल व्हेन्ट्रिसने १९५२ साली उलगडली आणि आतली भाषा निघाली जुनी ग्रीक. तिथे घोडा आहे ‘इ-क्वो’. शेजारी लॅटिन ‘एक्वस’ ठेवून बघा. मूळचा ‘क्व’ पुढे ग्रीकांच्या तोंडी ‘प्प’ झाला, संस्कृतात ‘श्व’. सुरुवातीचा ‘ह’ मात्र कुठून उपटला, यावर पंडितांचं अजून एकमत नाही.

वृकोदरातला वृक म्हणजे ग्रीक ‘लुकोस’, लांडगाच.

अस्वलाची गोष्ट जास्त मजेची. ग्रीक ‘आर्क्तोस’, संस्कृत ‘ऋक्ष’, आणि मराठीत त्याचाच झिजलेला ‘रीस’. ऋग्वेदात रात्री उंचावर दिसणाऱ्या ‘ऋक्षाः’चा उल्लेख आहे, ते सप्तर्षी, असं बरेच अभ्यासक मानतात. ग्रीकही त्याच ताऱ्यांना ‘आर्क्तोस’ म्हणत. आर्क्टिक हे नाव त्या आकाशातल्या अस्वलावरून पडलं. बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलांचा त्यात काही हात नाही.

आता हत्तीसाठीचे ग्रीक ‘एलेफास’ आणि संस्कृत ‘इभ’ यांची सोयरीक जुळवायचा मोह होतो. मी तरी जुळवणार नाही. होमरच्या काव्यात ‘एलेफास’ म्हणजे फक्त हस्तिदंत. माल आधी पोचला, प्राण्याची ओळख नंतर झाली. शब्द बाहेरून आलेला दिसतो, पण नुसत्या ‘भ’-‘फ’च्या सारखेपणावर लग्न लावू नये. अश्व आणि हिप्पोस जुळतात ते कानाला सारखे वाटतात म्हणून थोडेच!

जाता जाता: आजच्या ग्रीक बोलीत घोड्याला सहसा ‘हिप्पोस’ म्हणत नाहीत. ‘आलोगो’ म्हणतात, म्हणजे वाचा-बुद्धी नसलेलं. पूर्वी हा शब्द सगळ्याच मुक्या प्राण्यांसाठी होता, पुढे एकट्या घोड्याला चिकटला. आपल्या ‘जनावरा’चंही तेच. कोकणात ‘पडवीत जनावर निघालं’ अशी हाक आली, तर दावं घेऊन कुणी धावत नाही. काठी आणि बॅटरी घेऊन धावतात.