‘टेनेमेंट’ला चाळ म्हणावं का?

प्रश्न : १८८०-९० च्या न्यूयॉर्कवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘टेनेमेंट’ शब्द पानोपानी येतो. मी बिनधास्त ‘चाळ’ लिहीत गेले आणि एका वाक्यापाशी अडले : मधल्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे. चाळीत असं कसं होईल? शिवाय ‘बॉस’ आणि ‘स्पॉइल्स सिस्टिम’ यांचं काय करावं?

उत्तर : तुम्ही अडलात ते बरं झालं. चाळ लिहू नका. गिरणगावातली चाळ आठवा : खोल्यांची रांग, पुढे लांबलचक गॅलरी, खाली चौक. खोली दहा बाय बाराची का असेना, दार उघडलं की उजेड आत.

न्यूयॉर्कच्या त्या इमारतींना गॅलरीच नव्हती. प्लॉट २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल, तोही जवळजवळ पूर्ण बांधून काढलेला. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची केली, तेव्हा शेजारशेजारच्या इमारती मध्यभागी जराशा आत घेऊन चिंचोळी पोकळी सोडू लागले. डंबेलसारखा आकार झाला म्हणून नावही तेच पडलं. पोकळीची रुंदी एका इमारतीच्या बाजूला २८ इंच! मजल्यावर चार बिऱ्हाडं, १४ खोल्या. त्यातल्या चारांनाच रस्त्याकडून किंवा मागच्या अंगणाकडून थेट उजेड-वारा. बाकी दहांच्या खिडक्या त्या पोकळीत उघडत. लोक तिच्यात कचरा टाकत, आणि आग लागली की तीच धुराड्यासारखी ज्वाळा वर खेचून घेई. कायद्याप्रमाणे खिडकी मात्र होती. याचा मला आजही संताप येतो. भरदुपारचा तुमचा दिवा या दहा खोल्यांतला.

आता अर्थ. टेनेमेंट हा मुळात जुन्या कायद्यातला शब्द, म्हणजे धारण केलेली मालमत्ता. म्हाडाच्या कागदांतला ‘गाळा’ त्याचाच मराठी अवतार, पण गाळा एका कुटुंबाचा. न्यूयॉर्कमध्ये अख्ख्या इमारतीला टेनेमेंट म्हणत. तिथल्या १८६७ च्या कायद्याने व्याख्या केली ती अशी : तीनपेक्षा जास्त कुटुंबं जिथे स्वतंत्र राहतात आणि आपापला स्वयंपाक तिथेच करतात, असं भाड्याचं घर. म्हणजे चुली मोजल्या! आपणही भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी झाली’ म्हणतोच की. म्हणून पहिल्यांदा ‘बिऱ्हाडांची इमारत (टेनेमेंट)’ लिहा, पुढे नुसतं टेनेमेंट. बिऱ्हाड शब्दात भाडंही आलं आणि पाठीवर संसार घेऊन आलेला माणूसही आला. आयरिश, जर्मन, इटालियन, पूर्व युरोपातले ज्यू तसेच तर आले होते.

आणखी एक उत्तर : बिऱ्हाड झकास. ‘बॉस’ तसाच ठेवा. तो डच ‘बास’वरून आला, अर्थ मालक, न्यूयॉर्क आधी डचांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं. पण आजच्या मराठीत बॉस म्हणजे ऑफिसातला साहेब, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘वॉर्डाचा कारभारी’ असं जोडून द्या. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधली संघटना, तिचा बॉस ट्वीड १८७८ मध्ये तुरुंगात वारला, पण ती पद्धत त्याच्यासोबत गेली नाही. बोटीतून उतरलेल्याला काम मिळवून देणारा, हिवाळ्यात कोळसा पोचवणारा, मयताला हजर राहणारा माणूस मतं मागायला आला, तर नाही कोण म्हणेल? ‘गुंड’ लिहिलंत तर सुधारक त्याच्यापुढे वर्षानुवर्षं का हरत होते ते वाचकाला कळणार नाही.

‘स्पॉइल्स’साठी ‘पदांची खिरापत’ सुचेल, पण नको. खिरापत आरतीला आलेल्या सगळ्यांना मिळते. ही निवडणूक जिंकलेल्या पक्षाने आपल्याच माणसांना सरकारी पदं वाटण्याची पद्धत, म्हणजे लूटच, शब्दही युद्धातलाच. ‘पदांची लूट’ लिहा. याच लुटीत वाटा न मिळालेल्या एकाने जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, सप्टेंबरात ते गेले, आणि १८८३ च्या पेंडलटन कायद्याने काही सरकारी नोकऱ्यांना परीक्षा लागू झाली.

प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. चाळ सगळीकडून काढली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरच्या १८८९ च्या मराठी पुस्तकाच्या नावात ‘लोकस्थिती’ शब्द घेतला आहे, तो मी ‘सोशल कंडिशन्स’साठी उचलला. अडलेलं वाक्य आता असं आहे : ‘मधल्या बिऱ्हाडात भरदुपारी दिवा लागे, कारण खिडकी होती पण तिच्यापलीकडे आभाळ नव्हतं.’ ‘आभाळ’ मुळात नाही, मी घातलं. चालेल ना?

उत्तर : ‘बिऱ्हाडात’ नको, ‘खोलीत’ करा. आभाळ ही तुमची भर आहे. ते काढा, ‘पलीकडे भिंत होती’ म्हणा.